इनटेक आणि इंजेक्टर घरी बदलायचे आहेत? आधी हवा मोजा

पेट्रोल इंजिनाची ताकद हवेवर ठरते. पेट्रोल टाकीत भरपूर असतं आणि पंपही ते हवं तेवढं पुढे ढकलतो. अडतं ते हवेपाशी. सिलिंडरमध्ये एका खेपेला जेवढी हवा शिरेल, तिच्या प्रमाणातच पेट्रोल जळणार. म्हणून मोठा इंजेक्टर, रुंद पाइप, शंकूसारखा फिल्टर यातलं काहीही घेण्याआधी आपलं इंजिन किती हवा ओढतं आणि ती कुठे अडते हे आकड्यांत माहीत हवं. हे मोजमाप घरी करता येतं आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

उदाहरणाला आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणारं इंजिन घेऊ: चार सिलिंडर, ११९७ सीसी, टर्बो नाही, ताकद ८३ बीएचपीच्या आसपास, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारणारे चार इंजेक्टर. एका सिलिंडरचा घास झाला ३०० सीसीचा. पूर्ण पॅडल दाबल्यावर त्यातला ९० टक्के भरतो असं धरलं आणि बाहेर ३० अंश तापमान असलं, तर एका घासात सुमारे ०.३१ ग्रॅम हवा येते. पूर्ण ताकदीला १२.८ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. म्हणजे एका घासाला ०.०२४ ग्रॅम पेट्रोल, साधारण पाऊण थेंबाहूनही कमी. हा पाऊण थेंब ६००० आरपीएमला दर मिनिटाला ३००० वेळा, प्रत्येक सिलिंडरमध्ये सारखाच पडावा लागतो. मिनिटाला सुमारे १०० सीसी पेट्रोल एका इंजेक्टरमधून. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इनटेकमध्ये अडथळा खरंच आहे का?

इनटेक म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट. तिच्यावर कंपनीने बसवलेला एअर बॉक्स (एअर फिल्टरची पेटी) म्हणजे गळा आवळलेला पाइप, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो खरा की खोटा हे गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतो त्या लेव्हल ट्यूबने कळतं. ८ मिमीची पारदर्शक नळी चार मीटर घ्या. तिचा यू आकार करून एक मीटर उंचीच्या लाकडी पट्टीवर बांधा, पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि नळीत निम्म्यापर्यंत पाणी भरा. पाण्यात शाईचा एक थेंब टाकला की पातळी लांबूनही दिसते. नळीचं एक टोक मोकळं ठेवायचं. दुसरं टोक एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (पॅडल दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाइपला जोडायचं. तिथे येणाऱ्या ब्रीदर नळीत (इंजिनाच्या आतल्या वाफा परत आणणारी नळी) टी आकाराचा जोड बसवून हे सहज होतं.

इथे एक चूक महागात पडते. नळी थ्रॉटलच्या इंजिनाकडच्या बाजूला, मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) कधीही जोडू नका. आयडलिंगला तिथला व्हॅक्यूम सहा-साडेसहा मीटर पाणी वर खेचेल इतका असतो. नळीतलं सगळं पाणी इंजिनात जाईल.

पट्टी गाडीत घ्या, काच थोडी खाली ठेवा म्हणजे केबिनच्या दाबाने आकडा बिघडणार नाही. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण पॅडल दाबून वरच्या आरपीएमपर्यंत जा. आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक १० सेंटिमीटर असेल तर दाब सुमारे १ किलोपास्कल कमी झाला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास १ टक्का. समजा फरक १५ सेंटिमीटर आला. तर जगातला सर्वांत चांगला इनटेक बसवूनही दीड टक्क्याच्या पुढे काही मिळणार नाही. आपल्या ८३ बीएचपीवर ते सव्वा बीएचपी झालं. फरक ४० सेंटिमीटर आला तर मात्र काहीतरी नक्की तुंबलंय. मग नळी फिल्टरच्या आधी, एअर बॉक्सच्या धुळीच्या बाजूला जोडून पुन्हा मोजा. आकडा तिथेही मोठाच असेल तर दोष हवा आत घेणाऱ्या तोंडाचा. तिथे लहान झाला तर दोष फिल्टरचा. बहुतेक वेळा धुळीने भरलेला फिल्टर सापडतो आणि कंपनीचाच नवा कागदी फिल्टर टाकला की काम संपतं.

गरम हवा

अडथळ्यापेक्षा मोठं नुकसान उष्णतेने होतं आणि नेमकं त्याकडेच दुर्लक्ष होतं. ३० अंशांच्या हवेऐवजी ६० अंशांची हवा आत गेली की त्याच ३०० सीसीत सुमारे ९ टक्के कमी हवा मावते. शिवाय हवा तापलेली दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठोका (मिश्रण अवेळी पेटणं) टाळण्यासाठी स्पार्क उशिरा देतो, पिकअप आणखी पडतो. बोनेटखाली उघडा ठेवलेला शंकू फिल्टर रेडिएटर आणि एक्झॉस्टची गरम हवाच ओढतो. त्याचा आवाज मोठा आणि रांगडा येतो म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं, घड्याळ लावलं की उलटं निघतं. आवाज मोठा होतो कारण तो दाबणारी रेझोनेटरची डबी आपण काढून टाकलेली असते.

ओबीडी सॉकेटला (गाडीतला तपासणीचा सॉकेट) लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि इनटेक हवेचं तापमान बघत गाडी चालवा. गाडी सलग ६०च्या वेगाने चालली असताना हे तापमान बाहेरच्यापेक्षा पाच ते आठ अंशांनी जास्त असेल तर मूळ इनटेक चांगला आहे, त्याला हात लावू नका. वीस-पंचवीस अंशांनी जास्त असेल तर पैसे फिल्टरवर न घालता हवा कुठून येते त्यावर घाला. हेडलाइटच्या मागून किंवा ग्रिलच्या वरच्या काठातून एअर बॉक्सपर्यंत नळी आणा. फिल्टरभोवती १ मिमी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आडभिंत करा आणि तिच्या काठाला रबरी पट्टी लावा, म्हणजे बोनेट बंद झाल्यावर ती फटीशिवाय टेकेल. पाइप अॅल्युमिनियमचा की प्लास्टिकचा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पूर्ण पॅडलला हवा त्या पाइपमध्ये इतका थोडा वेळ असते की फरक नगण्य पडतो.

हवेचं तोंड बंपरच्या खालच्या भागात नेऊ नका. थंड हवा तिथे मिळते हे खरं, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि मुंबई-ठाण्याच्या सबवेत गुडघाभर पाणी चढायला अर्धा तास पुरतो. आपल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११:१ धरलं तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर सिलिंडरमध्ये शिल्लक जागा उरते ३० सीसी. दोन मोठे चमचे. पाणी दबत नाही. दोन चमच्यांपेक्षा जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काम थेट इंजिन खोलण्यापर्यंत जातं. तोंड बोनेटच्या रेषेजवळच ठेवा.

ईसीयू हवा कशी मोजतो

हे समजून घेतलं की बाकीच्या निम्म्या तक्रारी उलगडतात. मोजण्याच्या पद्धती दोन. पहिल्या पद्धतीत मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर असतो. तो आतला दाब सांगतो, त्यावरून, तापमानावरून आणि आरपीएमवरून ईसीयू हवेचा हिशोब मांडतो. दुसऱ्या पद्धतीत फिल्टरच्या लगेच पुढे पाइपमध्ये मॅफ सेन्सर बसतो. त्यातली बारीक तापलेली तार किंवा पट्टी वाहत्या हवेने किती थंड होते यावरून हवेचं वजन कळतं. बोनेट उघडून बघा: फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये चार-पाच तारांचा सेन्सर आहे तर मॅफ, तिथे फक्त दोन तारांचा बारका सेन्सर आहे आणि मॅनिफोल्डवर तीन-चार तारांचा दुसरा, तर मॅप.

मॅपवाल्या गाडीत इनटेकचा पाइप थोडा बदलला तर ईसीयू सांभाळून घेतो. मॅफवाल्यात घेत नाही. समजा सेन्सर ६० मिमीच्या पाइपमध्ये होता आणि तो उचलून ७० मिमीच्या पाइपमध्ये बसवला. क्षेत्रफळ १.३६ पट झालं, त्यामुळे हवेचा वेग कमी झाला, आणि सेन्सरने खऱ्या हवेच्या ७३ टक्केच मोजली. पेट्रोलही ७३ टक्केच पडणार. ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने दुरुस्ती करतो, पण ती साधारण २५ टक्क्यांच्या आसपास थांबते आणि इथे गरज ३६ टक्क्यांची आहे. चेक लाइट लागतो, कोड येतो पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. म्हणून मॅफची मूळ नळी तशीच ठेवा, तिच्या आधी सरळ पाइप ठेवा, वळणाला चिकटवून बसवू नका. तेल लावलेला कापडी फिल्टर वापरणार असाल तर तेल अगदी बेताने लावा. जादा तेल उडून त्या तापलेल्या तारेवर बसतं आणि मोजणी बिघडते. ती तार फक्त मॅफ क्लीनरनेच धुवायची. कार्ब क्लीनर मारू नका, कापसाने पुसू नका.

ब्रीदरची नळी काढून तिला छोटा फिल्टर लावून मोकळी सोडायची फॅशन आहे. ते करू नका. मॅफवाल्या गाडीत तिथून न मोजलेली हवा शिरते, आणि कुठल्याही गाडीत तेलकट वाफा बोनेटखाली पसरतात.

इंजेक्टर किती मोठा हवा

इथे एक सोपा हिशोब आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला एका बीएचपीमागे मिनिटाला साधारण ५.२५ सीसी पेट्रोल लागतं. ८३ गुणिले ५.२५ म्हणजे ४३६. भागिले चार, म्हणजे १०९. इंजेक्टर सतत उघडा राहू नये, जास्तीत जास्त ८० टक्के वेळ उघडा असावा, म्हणून भागिले ०.८. उत्तर १३६ सीसी प्रतिमिनिट. हवेच्या बाजूने आपण आधी जे १०० काढलं, ते ०.८ने भागलं तर १२५ येतात. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोचलो, म्हणजे हिशोब बरोबर आहे. ताकद १० टक्के वाढवली तरी १५० सीसीचा इंजेक्टर पुरतो.

आपला इंजेक्टर खरोखर किती वेळ उघडा असतो हेही मोजता येतं. स्कॅनर इंजेक्शनचा वेळ मिलिसेकंदात दाखवत असेल तर त्याला आरपीएमने गुणा आणि १२००ने भागा. ६००० आरपीएमला १३ मिलिसेकंद असेल तर उत्तर ६५ टक्के. स्कॅनर दाखवत नसेल तर ड्यूटी (किती टक्के वेळ चालू) मोजणारा मल्टिमीटर इंजेक्टरच्या ईसीयूकडे जाणाऱ्या तारेवर लावा. इंजेक्टर अर्थिंगच्या बाजूने चालू-बंद होतो, त्यामुळे मीटर उलटा आकडा दाखवू शकतो; आयडलिंगला ९० टक्क्यांच्या वर दिसलं तर १००मधून वजा करून वाचा.

उत्तर ८० टक्क्यांच्या खाली असेल तर मोठा इंजेक्टर लावून एक बीएचपीही वाढत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. उलट नुकसान होतं. प्रत्येक इंजेक्टरला उघडायला थोडा वेळ लागतो, १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद. बॅटरी उतरली की आणखी. आयडलिंगला पल्स, म्हणजे एका फवाऱ्यासाठी ईसीयूने दिलेला वेळ, असतो अडीच मिलिसेकंदाचा, म्हणजे पेट्रोल पडतं दीड मिलिसेकंदच. दुप्पट मोठा इंजेक्टर लावला की हा दीड झाला पाऊण. इतक्या थोड्या वेळात सुई पूर्ण उघडून स्थिरावतही नाही, त्यामुळे प्रत्येक फवारा वेगळा पडतो, आयडलिंग वरखाली होतं, सिग्नलला गाडी थरथरते.

मोठा इंजेक्टर खरंच लागतो तो टर्बो किंवा सुपरचार्जर लावल्यावर, किंवा इथेनॉलचं प्रमाण खूप वाढल्यावर. इथेनॉलचा परिणाम आपल्या सगळ्यांवरच आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई१०ला (१० टक्के इथेनॉल) सुमारे १४.१, ई२०ला (२० टक्के) सुमारे १३.५. म्हणजे ई१०वरून ई२०वर आल्यावर तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन लागतं. ज्या गाडीचा इंजेक्टर आधीच ७८ टक्के उघडा होता तो आता ८१च्या पुढे जाईल. नव्वदीला टेकलेला असेल तर मात्र वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ पडू लागेल.

थोड्याशाच वाढीसाठी रेलचा (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब वाढवणं हा एक मार्ग सुचवला जातो. दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात प्रवाह वाढतो: ३ बारवरून ३.५ बारवर गेलात तर ८ टक्के. पण ईसीयूला हे कळवलं नाही तर तो जुन्याच दाबाने हिशोब करत राहतो, शिवाय पंपावर ताण येतो.

लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीला बहुतेक वेळा नवीन नव्हे, साफ केलेले आणि एकसारखे इंजेक्टर हवे असतात. चारातला एक १० टक्के कमी देत असेल तर ऑक्सिजन सेन्सर चौघांची सरासरी बघून सगळ्यांना वाढवून देतो. त्यामुळे तो एक पातळच राहतो आणि बाकीचे तीन गरजेपेक्षा जास्त पितात. मायलेज जातं. अल्ट्रासॉनिक सफाई आणि फ्लो बेंच (इंजेक्टरचा प्रवाह मोजणारं यंत्र) असलेल्या ठिकाणी चारही इंजेक्टर द्या आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून मागा. चारांमधला फरक २ ते ३ टक्क्यांच्या आत आला पाहिजे. घरी बॅटरीच्या तारा लावून आणि क्लीनर फवारून हे काम करणारे आहेत. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकाच ठिकाणी आणणारा तो उद्योग आम्ही सुचवणार नाही.

विकत घेताना

प्रवाहाचा आकडा कोणत्या दाबाला आहे ते विचारा. बहुतेक वेळा तो ३ बारचा असतो. मग रोध मोजा: इंजेक्टरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला की १२ ते १६ ओहम यायला हवेत. दोन-चार ओहमवाला इंजेक्टर साध्या ईसीयूला जोडला तर करंट कितीतरी पट वाढतो आणि ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळतं. लांबी, ओ-रिंगचा (गळती रोखणारी रबरी कडी) व्यास आणि कनेक्टरचा आकार जुन्याशी जुळवून बघा. आणि फवारा. एका सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह असतील तर इंजेक्टर दोन शाखांत फवारतो, एकेक शाखा एकेका व्हॉल्व्हवर. एकाच धारेचा इंजेक्टर लावला तर पेट्रोल दोन पोर्टच्या (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेच्या वाटा) मधल्या भिंतीवर आदळतं, थंड इंजिनात तिथेच ओघळतं, सकाळी सेल्फ मारल्यावर गाडी मिस करते. तेवढाच प्रवाह असूनही. बाजारात नकली माल पुष्कळ आहे. चारही इंजेक्टरचा स्वतंत्र फ्लो रिपोर्ट मिळत नसेल तर घेऊ नका.

बसवताना

हे काम उघड्या जागी, थंड इंजिनावर, दिवसाउजेडी करा. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, बोनेटच्या पलीकडे नाही. डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे.

टाकीचं झाकण उघडा, पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या. पुन्हा दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. आता बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. एवढं करूनही रेलमध्ये थोडा दाब आणि पेट्रोल उरतंच, म्हणून नळी काढताना जोडाभोवती फडकं गुंडाळा.

इंजेक्टर उपसण्याआधी त्यांच्या बुडाशी साचलेली वाळू आणि धूळ हवेच्या झोताने उडवा. या एका गोष्टीला पाच मिनिटं लागतात आणि हीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. राहिली तर ती वाळू सरळ व्हॉल्व्हच्या सीटवर पडते. कनेक्टरना एक ते चार क्रमांकाची चिकटपट्टी लावा. जुन्या प्लास्टिकच्या क्लिप ठिसूळ झालेल्या असतात, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, अंगठ्याने दाबून मागे घ्या. रेलचे बोल्ट, बहुधा १० किंवा १२ नंबरचे, सोडवा आणि रेल इंजेक्टरसकट दोन्ही बाजूंनी थोडी थोडी हलवत सरळ वर घ्या. पोर्ट लगेच स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने झाका, आणि किती कापडं टाकली ते मोजून ठेवा.

आता प्रत्येक जुन्या इंजेक्टरवर खालची ओ-रिंग आली आहे का ते बघा. चारपैकी एखादी भोकातच चिकटून राहते. तिच्यावर नवी ओ-रिंग बसली की ती नीट बसत नाही आणि तिथून हवा शिरते. नव्या आठही ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरो-रबरच्या घ्या, बाजारात तिला व्हायटन म्हणतात. प्रत्येकीला नव्या इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने लावा. ग्रीस नको, सिलिकॉन तर मुळीच नको. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करते. इंजेक्टर आधी रेलमध्ये अंगठ्याने सरळ दाबून बसवा, क्लिप लावा, मग पूर्ण रेल मॅनिफोल्डवर समांतर उतरवा. बोल्ट आळीपाळीने आवळा. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, कारण अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की गेले. आवळून झाल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी किंचित फिरायला हवा. एखादा घट्ट अडकला असेल तर त्याची ओ-रिंग चिमटली आहे, खोला, बदला.

फ्यूज आणि बॅटरी जोडा. सेल्फ न मारता चावी ऑन करा, दोन सेकंद पंप गुणगुणेल, बंद करा. असं तीन वेळा करून टॉर्चने प्रत्येक जोड बघा आणि कोरड्या टिश्यूने खालून पुसून बघा. टिश्यू जराही ओला झाला तर इंजिन सुरू करायचं नाही.

सुरू झाल्यावर काय वाचायचं

इंजिन पूर्ण तापू द्या आणि स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, बघा. उणे ५ ते अधिक ५ टक्के असेल तर उत्तम. आयडलिंगला अधिक १५ आणि २५०० आरपीएमला अधिक ३, असं दिसलं तर कुठून तरी हवा शिरतेय. ती गळती ठरावीक असते, आयडलिंगच्या थोड्या हवेत ती मोठी वाटते आणि जास्त हवेत बुडून जाते. इंजेक्टरच्या बुडाशी साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर तीच जागा. उलट, आयडलिंगला ठीक आणि भार वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलच कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा छोटे इंजेक्टर. सर्व आरपीएमला सारखाच उणे १५ दिसला तर इंजेक्टर ईसीयूच्या समजुतीपेक्षा मोठे आहेत.

मोठे इंजेक्टर लावले असतील तर ईसीयूत तीन गोष्टी बदलाव्याच लागतात: प्रवाहाचा आकडा, व्होल्टेजनुसार उघडण्याचा वेळ, आणि अगदी छोट्या पल्सची दुरुस्ती. १६०च्या जागी २४० सीसीचे लावून तसंच चालवलं तर ५० टक्के जादा पेट्रोल पडतं. पूर्ण पॅडलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघतही नाही. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, ऑइल बदला. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) पेटतं आणि आतली जाळी वितळते. चेक लाइट लुकलुकणं ही त्याचीच आगाऊ सूचना असते.

ट्यूनिंगला वाइडबँड लॅम्बडा सेन्सर, म्हणजे मिश्रणाचं नेमकं प्रमाण वाचणारा ऑक्सिजन सेन्सर, हवाच. गाडीतला साधा सेन्सर अनेकदा फक्त योग्य प्रमाणाच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. पूर्ण भाराला लागणारं १२.५ ते १३ हे प्रमाण त्याला वाचता येत नाही. मॅप सेन्सरचा सिग्नल कमी दाखवून पेट्रोल कमी करणारी स्वस्त डबी मिळते, तिच्यापासून लांब राहा. कमी हवा दिसली की ईसीयू भार कमी समजतो आणि स्पार्क लवकर देतो. भर उन्हात, घाटात, चार माणसं बसलेली असताना त्याने इंजिन ठोकतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं.

सीएनजी किट असेल तर आणखी एक गाठ आहे. अनेक सिक्वेन्शियल किटचा (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस देणारं किट) ईसीयू पेट्रोल इंजेक्टरच्या पल्सचा वेळ वाचतो आणि त्याला गुणून गॅसचा वेळ ठरवतो. पेट्रोल इंजेक्टर बदलले की तो पल्स बदलतो आणि गॅसवरही गाडी बिघडते. पेट्रोल नीट लागल्यावर गॅसचं कॅलिब्रेशन नव्याने करून घ्या.

इथे सांगितलेलं सारं पोर्टमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनापुरतं आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात दाब शेकडो बारपर्यंत जातो, कॉमन रेल डिझेलमध्ये २००० बारच्या घरात. ती धार कातडीतून आत शिरते. शिवाय अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. ते काम घरी करायचं नाही.

कायद्याची बाजू माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडू शकतो. पीयूसीला बीएस ४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीचा आयडलिंगचा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. जादा पेट्रोल पिणारी गाडी तिथेच पकडली जाते.

काम झाल्यावर ३०० किलोमीटरने बोनेट पुन्हा उघडा. इंजिन थंड असताना रेलचे बोल्ट आणि पाइपचे क्लॅम्प तपासा, ओ-रिंगपाशी वास घ्या, ट्रिम वाचा, आणि चारही स्पार्क प्लग काढून क्रमाने शेजारी शेजारी ठेवा. चारांची टोकं फिकट तपकिरी आणि एकसारखी हवीत. एकच प्लग कोरडा काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय, एकच पांढरा असेल तर तो कमी देतोय किंवा त्याची खालची ओ-रिंग हवा ओढतेय. जुने इंजेक्टर टाकून देऊ नका. प्रत्येकात ऑइलचा एक थेंब सोडून, दोन्ही टोकांना टोप्या लावून, सिलिंडरचा क्रमांक लिहून हवाबंद पिशवीत ठेवा.